समुद्री टाकीत पहिला मासा कधी सोडावा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात मत्स्यालयांच्या दुकानांत गोड्या पाण्याच्या टाक्यांशेजारी आता समुद्री टाक्याही मांडलेल्या दिसतात. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश पाहिला की मुलांचा पाय तिथून निघत नाही. मग टाकी, मिठाची पिशवी, वाळू, दगड आणि माशांची जोडी असे सगळे एकाच फेरीत घरी येते. आठवडाभरात मासे वरच्या थराला येऊन धापा टाकू लागतात आणि मरतात. घरचे म्हणतात, मासाच अशक्त होता. दुकानदार म्हणतो, खाद्य जास्त पडले. बहुतेक वेळा दोन्ही खरे नसते. टाकी तयार व्हायच्या आत तिच्यात जीव सोडला गेला, एवढेच झालेले असते. ‘ज्या दिवशी टाकी, त्याच दिवशी मासा’ ही विक्री थांबावी आणि टाकी तयार झाली की नाही हे ग्राहकाला स्वतः ओळखता यावे, म्हणून समुद्री टाक्या सांभाळणारे आम्ही काहीजण हे पत्र लिहीत आहोत. विषय मोजमापाचा असल्याने ते जरा लांबले आहे. तरी जागा द्यावी.

माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात सतत अमोनिया येत असतो. तो निस्तरण्याचे काम दोन टप्प्यांत होते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असते आणि पाणी बदलून कमी करता येते. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या माध्यमावर पातळ थर धरून राहतात. वाढतात मात्र अतिशय सावकाश. परिस्थिती अनुकूल असली तरी संख्या दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस जातो. कोऱ्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. त्यांची पुरेशी वस्ती होईपर्यंत टाकी रिकामी चालवणे, यालाच या छंदात सायकलिंग म्हणतात.

गोड्या पाण्याचे मासे पाळलेल्यांना वाटते की गोल्डफिश तर पहिल्या दिवसापासून जगले होते, मग हे का जगू नयेत? फरक पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे या मापाचा आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि दुसरे बरेच सौम्य. पीएच ७ च्या पाण्यात विषारी रूपाचा वाटा एक टक्काही नसतो. समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि तिथे हा वाटा दहा पटींहून जास्त वाढतो. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २६ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास, तर समुद्राच्या पाण्यात साडेसहा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने त्यातलाही थोडा कमी होतो. कल्ले अमोनियाने भाजलेले आणि प्राणवायू आधीच तुटपुंजा, अशा पाण्यात मासा फार दिवस काढत नाही.

आता पाणी. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दारातच समुद्र होता. पुण्याला तो घाट उतरून आहे. अलिबाग-मुरूडहून कॅन भरून पाणी आणण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो मानू नये. किनाऱ्याजवळचे पाणी खाडीच्या तोंडाशी कमी खारट असते, पावसाळ्यात तर फारच. त्यात होड्यांचे तेल आणि सांडपाणी मिसळलेले असते, आणि बंद कॅनमध्ये प्रवासात ते कुजते. घरी पाणी बनवणे हाच पुण्यासाठी खात्रीचा मार्ग आहे.

महापालिकेचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणसाखळीतून येते. पिण्यासाठी ते चांगले मऊ पाणी आहे, पण त्यात क्लोरीन असतो, सिलिकेट असते, इमारतीच्या जुन्या नळांतून तांब्याचा अंशही येऊ शकतो. क्लोरीन जिवाणू मारतो. सिलिकेटवर तपकिरी शेवाळ माजते. तांब्याचा अगदी थोडा अंशही गोगलगाय, कोळंबी आणि प्रवाळ यांना घातक ठरतो. म्हणून पाणी आरओ मेम्ब्रेनमधून (दाबाने पाणी गाळणाऱ्या पडद्यातून) आणि त्यानंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) काढावे, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मीटरवर शून्य यायला हवे. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. चवीसाठी त्यात थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात आणि मीटरवर ५० ते १०० दिसतात. ज्या सोसायट्या बोअरवेलवर किंवा टँकरवर आहेत तिथे पाणी जड असते आणि त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही जास्त असतो. त्यामुळे मेम्ब्रेनवर क्षार चढतात आणि रेझिन भराभर संपते. हे पाणी रात्रभर उघड्या पिंपात एअर पंप लावून ठेवले आणि मग मेम्ब्रेनला दिले तर रेझिन बरेच जास्त टिकते.

फ्लॅटमध्ये आणखी एक अडचण येते. मेम्ब्रेनला साधारण चार बार दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर दहा मीटर उतारामागे एक बार दाब मिळतो, म्हणजे वरच्या दोन-तीन मजल्यांवर बार-दीड बारसुद्धा मुश्किलीने मिळतो. इतक्या कमी दाबाला पाणी थेंबथेंब येते आणि टीडीएसही जास्त राहतो. बूस्टर पंप बसवणे हाच त्यावर उपाय. गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद असले की शुक्रवारी सकाळी पहिले पाणी गढूळ आणि कमी दाबाने येते. ते यंत्राला देऊ नये, दुपारनंतर सुरू करावे. पावसाळ्यात पहिला पाच मायक्रॉनचा फिल्टर महिन्याभरातच तपकिरी होतो, तेव्हा जोडीला एक जास्तीचा आणून ठेवावा. एका लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर पाणी बाहेर पडते. ते फरशी पुसायला किंवा संडासाच्या फ्लशला वापरता येते, गटारात सोडू नये.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच ही सुरुवातीला योग्य टाकी. तिचे माप १९० लिटरचे, पण वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा करता पाणी १५० लिटरच्या आसपास बसते. पुढची सगळी मापे या १५० लिटरची आहेत. याहून लहान टाकी स्वस्त पडते म्हणून नवख्यांना सुचवली जाते. आमच्या मते तो चुकीचा सल्ला आहे, कारण थोड्या पाण्यात तापमान आणि खारटपणा दोन्ही पटकन हलतात.

मीठ समुद्री मत्स्यालयाचेच हवे. खाण्याचे मीठ म्हणजे नुसते सोडियम क्लोराइड, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, कार्बोनेट काही नसते. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम धरले तर १५० लिटरला साडेपाच किलोच्या आसपास मीठ लागते. पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये, नाहीतर कॅल्शियम खाली पांढरे बसते. टाकीत अजून जीव नसल्याने पहिल्या वेळी टाकीतच विरघळवले तरी चालते. पंप चालू ठेवून एक दिवस फिरू द्यावे आणि मग मोजावे. ३५ पीपीटी (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार), म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारे उपकरण) घ्यावा आणि तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावून समाधान मानू नये. ३६.५ ग्रॅम साधे मीठ (सोडियम क्लोराइड, समुद्री मत्स्यालयाचे नव्हे) आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी यांचे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरला ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्यासारखेच दिसते. ते घरी करून बाटलीत भरून ठेवावे आणि महिन्यातून एकदा त्यावर काटा जुळवावा. दोन-तीन पीपीटीने चुकलेले रिफ्रॅक्टोमीटर सर्रास आढळतात.

दगडाबद्दल जरा स्पष्ट लिहायला हवे. कोकणच्या किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा, समुद्रपंखा किंवा प्रवाळ चिकटलेला दगड विकणे आणि घरी बाळगणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. सिंधुदुर्गाच्या आसपासचे प्रवाळ आधीच ताणाखाली आहेत. कुणी ‘खास मालवणचा लाइव्ह रॉक’ (समुद्रातला, जीव चिकटलेला दगड) देऊ केला तर घेऊ नये. कारखान्यात बनवलेला सच्छिद्र सिरॅमिकचा किंवा मत्स्यालयासाठी तयार केलेला कोरडा दगड मिळतो. तो १५० लिटरला १५ ते १८ किलो पुरतो. घरी सिमेंटचा दगड बनवणारे आहेत, पण सिमेंट अनेक आठवडे अल्कली सोडत राहते आणि पीएच ९ च्या पुढे जातो. तो महिना-दोन महिने पाणी बदलत भिजवला नसेल तर वापरू नये. वाळू अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची), तीन-चार सेंटीमीटर जाड पुरे.

कोरड्या दगडात जिवाणू नसतात. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी समुद्री टाकी असेल तर तिच्यातला मुठीएवढा दगड किंवा फिल्टरमधला स्पंज हेच उत्तम विरजण. तो ओला ठेवूनच आणावा, नळाखाली धुऊ नये. मात्र त्याबरोबर नको असलेले जीव आणि रोगही येऊ शकतात, म्हणून टाकी पाहूनच घ्यावा. ते नसेल तर बाटलीतले जिवाणू. बाटली घेताना तीन गोष्टी तपासाव्यात: ती खाऱ्या पाण्यासाठीच आहे ना (गोड्या पाण्यातले जिवाणू इथे काम करत नाहीत), त्यात नायट्रीकरण करणारे जिवाणू आहेत की नुसते गाळ खाणारे, आणि मुदत. एप्रिल-मे महिन्यात कुरिअरच्या बंद गाडीत तापलेली बाटली बऱ्याचदा मेलेलीच असते. त्या दिवसांत दुकानात थंड जागी ठेवलेलीच घ्यावी. बाटली ओतल्यावर पहिले दोन दिवस स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा बंद ठेवावा.

आता मुख्य काम, जिवाणूंना खायला देणे. पूर्वी यासाठी सोललेली कोळंबी टाकीत टाकून ती कुजू देत. त्याने काम होते, पण किती अमोनिया तयार झाला याचे माप राहत नाही, पाणी दुधाळ होते, घरभर वास सुटतो आणि फॉस्फेट वाढून बसते. काही दुकानांत अजूनही ‘दोन स्वस्त डॅमसेल सोडा, मेले तर मेले’ असे सांगतात (डॅमसेल हा लहान, चिवट समुद्री मासा). एक जीव मरायलाच सोडायचा, हे आम्हाला मान्य नाही. आणि तो जगलाच तर डॅमसेल पुढे टाकीचा दादा होतो, नंतर येणाऱ्या माशांना टिकू देत नाही.

कुठलाही जीव न सोडता हे करण्यासाठी अमोनियम क्लोराइड वापरतात. कल्हईवाले भांड्याला लावतात तो नवसागर हाच, पण बाजारातला नवसागर अशुद्ध असतो. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानातून शुद्ध घ्यावा. १० ग्रॅम अमोनियम क्लोराइड एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बाटलीवर नाव आणि तारीख लिहावी. मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. या द्रावणाचे ६० मिलिलिटर १०० लिटर पाण्यात २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया देतात. आपल्या टाकीला ९० मिलिलिटर लागतील. एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही टेस्ट किट अमोनिया न दाखवता त्यातला नायट्रोजन दाखवतात. अशा किटवर हाच डोस दीड पीपीएमच्या जवळ दिसेल, म्हणून वाढवून टाकू नये. डोस टाकून तासाभराने मोजावे आणि आकडा वहीत लिहावा.

जास्त टाकले तर लवकर होईल हा समज घातक आहे. अमोनिया ५ पीपीएमच्या पुढे गेला की नायट्राइट खाणारा दुसरा गट दबून जातो आणि टाकी आठवडेच्या आठवडे तिथेच अडते. चुकून जास्त पडलेच तर अर्धे पाणी बदलावे.

यानंतर दिवे बंद, पंप चालू. जिवाणूंना उजेड लागत नाही, शेवाळाला लागतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो, म्हणून वेव्हमेकर (टाकीत पाणी फिरवणारा पंप) पाण्याचा वरचा थर सतत हलेल असा वळवावा. तासाला टाकीच्या पाण्याच्या वीस पट प्रवाह ठेवावा, म्हणजे १५० लिटरला तीन हजार लिटर. एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजावे. अमोनिया ०.५ च्या खाली आला की पुन्हा ९० मिलिलिटर. साधारणपणे आधी अमोनिया पडतो, नायट्राइट चढतो आणि बराच काळ वर राहतो. मग एक दिवस अचानक नायट्राइटही पडते. चांगली बाटली किंवा जुना दगड असेल तर यात दोन-तीन आठवडे जातात. नुसत्या कोऱ्या दगडावर सहा ते आठ आठवडे.

मोजताना हमखास होणाऱ्या काही चुका आहेत. २ पीपीएम अमोनियातून ५ पीपीएम नायट्राइट तयार होते, आणि बऱ्याच किटची शेवटची खूण तिथेच असते. दुसऱ्या डोसनंतर नळी गडद जांभळी होते आणि मग ते ६ आहे की १५ हे कळत नाही. तेव्हा एक भाग टाकीचे पाणी आणि नऊ भाग ताजे खारे पाणी मिसळून तपासावे आणि येणारा आकडा दहाने गुणावा. नायट्राइट असताना नायट्रेटची चाचणी करू नये. नायट्राइटमुळे नायट्रेटचा आकडा फुगून येतो आणि लोक उगाच घाबरतात. अमोनियाच्या किटवर खाऱ्या पाण्यात शून्याऐवजी किंचित हिरवट छटा येत राहते. नुकत्याच मिसळलेल्या, कधीही टाकीत न गेलेल्या खाऱ्या पाण्याचीही चाचणी करावी आणि दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर खिडकीच्या उजेडात शेजारी धराव्यात. छटा सारखी असेल तर अमोनिया शून्य समजावा. टाकीच्या निळ्या दिव्याखाली रंग वाचला तर तो हमखास चुकतो.

कधीकधी सगळे नीट करूनही आकडे हलत नाहीत. यात अल्कलिनिटी, म्हणजे पीएच पडू न देण्याची पाण्याची क्षमता, हे सर्वात दुर्लक्षित कारण. नायट्रीकरणात आम्ल तयार होते. २ पीपीएमचा प्रत्येक डोस अल्कलिनिटी अर्धा ते पाऊण डीकेएचने (हे तिचे एकक) खाली आणतो. चार-पाच डोसांनंतर ८ वरून ५ वर आलेली टाकी आम्ही नेहमी पाहतो. पीएच पडतो, जिवाणू मंदावतात. उपाय साधा आहे. १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा १ डीकेएच वाढवतो, आपल्या टाकीला साडेचार ग्रॅम. बेकिंग पावडर मात्र नको, त्यात इतर पदार्थ असतात. सोडा कपभर शुद्ध पाण्यात विरघळवून पंपासमोर सावकाश ओतावा, एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नये. दुसरे कारण फॉस्फेट. शून्य टीडीएसचे पाणी, कारखान्यातला कोरा दगड आणि शुद्ध रसायन अशा टाकीत फॉस्फेट अजिबातच नसते आणि त्याशिवाय जिवाणूंची वाढ होत नाही. चिमूटभर माशांचे खाद्य टाकले की पुरते. तिसरे कारण थंडी.

पुण्याच्या हवेचा इथे थेट संबंध येतो. जिवाणू २६ ते २८ अंशांना जोमाने वाढतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री घरातले पाणीही २० अंशांवर येते आणि सगळे काम रेंगाळते. लिटरला एक वॉट धरून १५० वॉटचा थर्मोस्टॅट हीटर लावावा. उन्हाळ्यात उलट प्रश्न. कोरड्या हवेत पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरवतो, पण त्या बदल्यात रोज तीन ते पाच लिटर पाणी उडून जाते. १५० लिटरमधले चार लिटर उडाले की खारटपणा ३५ चा जवळजवळ ३६ होतो. मीठ उडत नाही, त्यामुळे भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. टाकीच्या काचेला बाहेरून रेघ मारून रोज त्या रेघेपर्यंत भरावे. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा पंख्याचा तेवढा उपयोग होत नाही. ज्यांच्या खोलीत मे महिन्यात पाणी ३१-३२ च्या वर जाते त्यांनी चिलरचा खर्च आधीच धरावा. माशांवर, प्रवाळावर खर्च करून झाल्यावर तो सुचू नये.

वीज गेल्यावर जिवाणूंच्या थरात प्राणवायू आधी संपतो, पाणी त्यानंतर बिघडते. दोन तास निभतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाच-सहा तास वीज जाते त्या भागात बॅटरीवरचा एअर पंप किंवा घरच्या इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर ठेवावा. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल तर वीज आल्यावर तो लगेच सुरू करू नये. आत कोंडलेले, कुजट वासाचे पाणी आधी काढून टाकावे.

आता टाकी तयार झाल्याची खूण. दिवस मोजून ती कळत नाही. २ पीपीएमचा पूर्ण डोस टाकावा आणि बरोबर २४ तासांनी मोजावे. अमोनिया शून्य आणि नायट्राइट ०.५ च्या आत असेल तर तीच चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. दोन्ही वेळा तसेच आले तर टाकी तयार. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्याने नायट्राइट माशाला गोड्या पाण्यातल्याइतके घातक ठरत नाही, हे खरे आहे. तरी ते वर असताना मासा सोडू नये असे आमचे मत आहे, कारण दुसरा गट अजून अपुरा आहे हेच त्यातून दिसते. या वेळेपर्यंत नायट्रेट ३०-४० वर गेलेले असते, कारण प्रत्येक डोसमागे ७ पीपीएमची भर पडते. निम्मे किंवा त्याहून थोडे जास्त पाणी बदलून ते १०-१५ वर आणावे. नवे पाणी वेगळ्या पिंपात एक दिवस आधी मिसळलेले, तेवढ्याच तापमानाचे आणि खारटपणाचे हवे. मासा मिळायला वेळ लागणार असेल तर जिवाणूंना उपाशी ठेवू नये, तीन-चार दिवसांनी ३० मिलिलिटर द्रावण द्यावे.

यानंतर दिवे लागले की पहिल्या महिन्यात वाळूवर तपकिरी साय धरते, मग हिरवे केसाळ शेवाळ येते. घाबरून औषधे टाकू नयेत, दगड काढून घासून नळाखाली तर मुळीच धुऊ नयेत. सहा-सात तासच दिवा ठेवावा, आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे, गोगलगायी सोडाव्यात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेण्याचा अट्टाहास नको. त्या रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट नावाचा बुडबुडे धरणारा तपकिरी चिकट थर येतो आणि तो घालवणे फार कठीण असते. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ इतके असू द्यावे.

ज्यांच्या घरी हे पत्र वाचताना नव्या टाकीत मासे आधीच आहेत आणि ते वर येऊन धापा टाकत आहेत, त्यांनी आजच अमोनिया मोजावा. ०.५ च्या वर असेल तर खाद्य दोन दिवस पूर्ण बंद ठेवावे, मासा तेवढ्याने मरत नाही. ४० ते ५० टक्के पाणी बदलावे, एअर पंप लावावा आणि खाऱ्या पाण्याच्या जिवाणूंची खात्रीची बाटली पूर्ण ओतावी. अमोनिया बांधून ठेवणारे औषध मिळते, ते वापरायला हरकत नाही. मात्र ते टाकल्यावरही किट अमोनिया दाखवत राहते, कारण बांधलेला अमोनियाही त्यात मोजला जातो, म्हणून पुन्हा पुन्हा डोस देऊ नये. तांब्याचे औषध किंवा अँटिबायोटिक याच टाकीत टाकू नये. ओळखीच्या कुणाकडे चालती समुद्री टाकी असेल तर मासे काही आठवडे तिथे ठेवणे सर्वात चांगले.

पहिला मासा म्हणून क्लाउनफिशची एकच लहान जोडी पुरेशी आहे, तीही बंदिस्त पैदाशीची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा मागण्याचे कारण उरलेले नाही. पुढचा मासा तीन-चार आठवड्यांनी. प्रत्येक नव्या माशाने अमोनियाची भर वाढते आणि जिवाणूंना तेवढे वाढायला वेळ लागतो. प्रवाळाचा विचार तीन-चार महिन्यांनंतर, अल्कलिनिटी आठवडाभर न हलता राहू लागली की, आणि तोही कुठून आला याची कागदपत्रे दुकानदार दाखवू शकत असेल तरच.

शहरातल्या दुकानदारांना आमची विनंती आहे. समुद्री टाकी विकताना त्याच दिवशी मासा देऊ नये. टाकीबरोबर अमोनियम क्लोराइडची मोजलेली पुडी आणि वर दिलेल्या २४ तासांच्या चाचणीचा कागद द्यावा, आणि पहिला मासा देण्याआधी ग्राहकाला टाकीच्या पाण्याचा नमुना आणायला सांगून समोर तपासावा. यात दुकानाचे नुकसान नाही. मासे जगलेला ग्राहक वर्षानुवर्षे मीठ, खाद्य, रेझिन घ्यायला येतो. मासे मेलेला ग्राहक टाकी जुन्या बाजारात विकून मोकळा होतो. ग्राहकांनी नमुना आणताना डोस टाकल्याची वेळ बाटलीवर लिहावी. बाटली आधी टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरावी, बूच घट्ट लावावे आणि उन्हात तापू न देता तीन-चार तासांच्या आत दुकानात पोचवावी.

आपले,
काही समुद्री मत्स्यालयधारक, पुणे